वैनगंगेच्या वाळूपासून समुद्राच्या मिठापर्यंत

पोंभुर्णा हा चंद्रपूर जिल्ह्यातील लहानसा तालुका. पूर्वेला वैनगंगा वाहते, तिच्या पलीकडच्या तीरावर गडचिरोली जिल्हा लागतो. भाताच्या बांध्या, मामा तलाव आणि बांबू-सागवानाचे जंगल यांच्यामध्ये वसलेल्या या गावांतून समुद्र पाहिलेली माणसे शोधून काढावी लागतील. आठवडी बाजारात येणारे मीठ आणि सुकी मासळी, एवढीच समुद्राची येथील ओळख. त्यामुळे 'समुद्रातील प्लास्टिक' हा विषय निघाला की येथील माणूस तो वसई-मुंबईकरांचा प्रश्न समजतो. आणि वसईकराला विचारावे तर तो मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांकडे बोट दाखवतो. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. या लेखात ते शोधल्यावाचून गत्यंतर नाही.

प्रथम पाण्याची वाट पाहू. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात, मुंडारा गावाजवळ उगम पावते. बालाघाट, गोंदिया, भंडारा असा वळसा घेत ती अांभोऱ्याला येते. तेथे तिला कन्हान मिळते. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' या अांभोऱ्यात रचला गेला, अशी विदर्भातील परंपरा आहे. मराठवाड्यातील अंबाजोगाईचाही त्यावर हक्क सांगितला जातो. त्या वादात आपण पडू नये. आपल्याला महत्त्वाचे ते हे, की कन्हानच्या पाण्यात नागपूरची नाग नदी मिसळलेली असते आणि नाग नदीत नागपूर शहराचे सांडपाणी. संगमाच्या खाली गोसीखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी त्याची पायाभरणी केली. धरणातून सुटलेले पाणी पवनी, ब्रह्मपुरी, वडसा ओलांडून मार्कंड्याच्या देवळांपाशी उत्तरेकडे वळण घेते आणि मग आमच्या तालुक्याच्या कडेने दक्षिणेला जाते. ताडोब्याच्या जंगलातून येणारी अंधारी नदीही तिलाच मिळते.

पुढे वैनगंगेला वर्धा नदी भेटते. ही वर्धा इरईमार्फत चंद्रपूर शहराचे पाणी आणि स्वतःच्या काठावरील बल्लारपूरचे पाणी घेऊन आलेली असते. दोघींच्या संगमानंतर नदीचे नाव प्राणहिता होते. नावात 'प्राणांचे हित' आहे, हे विसरू नये. सिरोंच्यासमोर, कालेश्वरमला प्राणहिता गोदावरीत विलीन होते. तेथून भद्राचलम, राजमहेंद्री, धवळेश्वरम असा प्रवास करून ती गोदावरी अनेक मुखांनी बंगालच्या उपसागरात शिरते. म्हणजे नागपूरच्या एखाद्या मोरीत पडलेली शाम्पूची पुडी, अडथळा न आल्यास, आंध्रच्या कोरिंगा खारफुटीपर्यंत पोचू शकते. 'अडथळा न आल्यास' या शब्दांकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढे त्यांचे काम आहे.

आता या वाटेवरून जाणाऱ्या वस्तूचा इतिहास. प्लास्टिकाचा जन्म हस्तिदंताच्या टंचाईतून झाला, ही गोष्ट जंगलात राहणाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे करीत. त्याला पर्याय शोधताना अमेरिकेतील जॉन वेस्ली हाइट याने १८६९ च्या सुमारास सेल्युलॉइड तयार केले. हत्ती वाचतील, कासवे वाचतील, अशी त्या काळी आशा होती. १९०७ मध्ये लिओ बेकलंड याने बेकेलाइट काढले. आपल्या घरांतील जुन्या विजेच्या बटनांचा काळा, कडक पदार्थ तो हाच. २७ मार्च १९३३ रोजी इंग्लंडमधील विनिंग्टनच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग फसला आणि भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. तो पॉलिथिन. युद्धकाळात रडारच्या तारांवर वेष्टण म्हणून त्याचा उपयोग झाला. युद्ध संपले आणि त्याची पिशवी झाली. पातळ, बंद असलेली, एका तुकड्यातून कापलेली हातपिशवी स्वीडनमधील एका कंपनीने १९६५ मध्ये आपल्या नावावर नोंदवून घेतली.

आपल्या देशात पॉलिस्टायरीनचे उत्पादन १९५७ मध्ये सुरू झाले. पण खेड्यात प्लास्टिक आधी आले ते अंगावरून. १९४१ मध्ये इंग्लंडमधील दोन रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिस्टरचा धागा काढला, त्याचे टेरिलीन झाले, आणि सत्तरीच्या दशकात लग्नातल्या नवऱ्या मुलाला टेरिकॉटची पँट नसेल तर वरपक्षाला कमीपणा वाटू लागला. पॉलिस्टरची साडी सुती लुगड्यापेक्षा स्वस्त, टिकाऊ आणि लवकर वाळणारी. पावसाळ्यात रोवणीला जाणाऱ्या बाईला तिचे केवढे सुख वाटले असेल, याचा विचार शहरातील टीकाकारांनी करावा. त्यानंतर पाण्याचा माठ उचलणाऱ्या डोक्यावर हलकी घागर आली, ज्यूटच्या बारदानाची जागा खताच्या विणलेल्या पोत्याने घेतली, ढिवरांच्या सुती जाळ्याची जागा नायलॉनने घेतली. सुती जाळे दर थोड्या दिवसांनी वाळवावे, रंगवावे, दुरुस्त करावे लागे. नायलॉनचे तसे नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तामिळनाडूतील कडलूरकडे शाम्पू लहान पुड्यांत विकण्याची युक्ती निघाली आणि दोन दशकांत ती देशभर पसरली. गरिबाला मोठी बाटली परवडत नाही, पुडी परवडते. हे सारे आळसाने किंवा चैनीने घडले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येक वस्तूने कोणाचे तरी कष्ट वाचवले. हिशेब चुकला तो वस्तू संपल्यानंतरचा.

तो हिशेब जगाच्या ध्यानी कसा आला, ही कथा मला अधिक रंजक वाटते. ब्रिटनमध्ये १९३१ पासून एक साधे यंत्र मालवाहू जहाजांच्या मागे बांधून समुद्रातून ओढले जाते. त्यात रेशमी जाळीची लांब पट्टी असते. पाण्यातील सूक्ष्म जीव तिच्यावर अडकतात आणि पट्टी गुंडाळली जाते. हेतू एवढाच की, माशांचे हे अन्न कोठे किती आहे ते कळावे. पट्ट्या जपून ठेवल्या गेल्या. आपल्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या ज्या निष्ठेने सांभाळतात त्याच निष्ठेने म्हणा ना! १९५७ मध्ये आइसलंडजवळ या यंत्रात प्लास्टिकच्या सुतळीचा गुंता अडकल्याची नोंद आहे. १९६५ मध्ये आयर्लंडच्या वायव्येस पिशवी अडकली. म्हणजे पिशवीचा जन्म आणि समुद्रातील तिची पहिली नोंद एकाच वर्षातली. नोंद करणाऱ्यांना तेव्हा ती केवळ कटकट वाटली.

१९७२ मध्ये कार्पेंटर आणि स्मिथ या अमेरिकन संशोधकांनी सरगॅसो समुद्राच्या पृष्ठभागावर दर चौरस किलोमीटरला सरासरी ३,५०० प्लास्टिकचे तुकडे सापडल्याचे 'सायन्स' नियतकालिकात लिहिले. तीस वर्षे त्याकडे थोड्यांनीच लक्ष दिले. मग २००४ मध्ये प्लिमथचे रिचर्ड थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: इतके प्लास्टिक तयार झाले, ते गेले कोठे? त्यांनी किनाऱ्यावरची वाळू तपासली, त्या जुन्या रेशमी पट्ट्याही उघडल्या. साठीच्या दशकापासूनच्या पट्ट्यांत डोळ्यांना सहज न दिसणारे धागे आणि कण होते, आणि काळ पुढे सरकेल तसे ते वाढत गेलेले होते. प्लास्टिक नाहीसे झालेले नव्हते, बारीक झाले होते. त्या लेखापासून 'सूक्ष्म प्लास्टिक' हा शब्द रूढ झाला. आज पाच मिलिमीटरपेक्षा लहान, म्हणजे सुमारे तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून बारीक तुकड्याला हे नाव देतात.

लाकूड कुजते, कारण ते खाणारी बुरशी आणि वाळवी सृष्टीत आहे. प्लास्टिक खाणारे तसे कोणी पुरेसे नाही. उन्हाने त्याची लांब साखळी तुटते, ते ठिसूळ होते, आणि वाळू-दगडांच्या घर्षणाने त्याचे तुकडे पडत जातात. खताचे पोते दोन उन्हाळे कुंपणावर टांगून ठेवा आणि मग हातात घ्या: बोटांना पांढरा चुरा लागेल. तो चुरा पहिल्या पावसात बांधीत, बांधीतून नाल्यात आणि नाल्यातून अंधारीत जातो. काही कण मात्र जन्मतःच बारीक असतात. धुण्यातून निघणारे धागे हा त्यांतला मोठा वाटा. २०१६ च्या एका ब्रिटिश अभ्यासात सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या यंत्रातील एका धुलाईत सात लाखांहून अधिक धागे सुटल्याचे अनुमान निघाले. रस्त्यावर झिजणाऱ्या टायरची धूळ ही दुसरी मोठी बाब.

एकदा नदीत पडल्यावर सर्व कण सारखे वागत नाहीत. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके, ते तरंगते; पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक जड, ते बुडते. तरंगणाऱ्या कणावरही शेवाळ आणि जिवाणूंचा थर चढला की तो जड होऊन तळाशी बसतो. म्हणून उन्हाळ्यात नितळ दिसणारी नदी स्वच्छ असतेच असे नाही. माल तळाच्या वाळूत असतो. पूर आला की तो हलतो. इंग्लंडमध्ये मँचेस्टरभोवतीच्या नद्यांचा तळ २०१५-१६ च्या हिवाळी पुराच्या आधी आणि नंतर तपासला गेला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार तळात साठलेल्या सूक्ष्म प्लास्टिकापैकी सुमारे ७० टक्के त्या पुराने धुऊन नेले होते. आपल्याकडे ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्दचा विसर्ग वाढला आणि वैनगंगेने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत हाहाकार उडवला, ते दिवस या भागातील लोक विसरलेले नाहीत. पाणी ओसरल्यावर झाडांच्या फांद्यांवर माणसाच्या डोक्याच्या वर लोंबकळणाऱ्या पिशव्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना नदीची वाहण्याची शक्ती वेगळी सांगायला नको. आणि त्या पिशव्या तर फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या.

नद्या समुद्रात किती प्लास्टिक नेतात, याचे आकडे मात्र दहा वर्षांत इतके बदलले की त्यांचाही एक इतिहास झाला आहे. २०१७ मध्ये दोन अभ्यास आले. एकाने वर्षाला ११.५ ते २४.१ लाख टन हा आकडा दिला, आणि त्यातील जवळजवळ तीन चतुर्थांश भार मे ते ऑक्टोबर या काळातला, म्हणजे आशियाच्या पावसाळ्यातला, असे सांगितले. दुसऱ्याने म्हटले की नद्यांतून जाणाऱ्या प्लास्टिकापैकी ८८ ते ९५ टक्के भार केवळ दहा नद्यांचा आहे: आठ आशियातील, दोन आफ्रिकेतील. त्यांत गंगा आणि सिंधू होत्या. वृत्तपत्रांनी या 'दहा नद्यां'चा एवढा गजर केला की जणू इतर नद्या सोवळ्यातच होत्या. पाश्चात्य देशांतल्या वाचकांना ही बातमी सोयीची वाटली असावी, असे माझे मत आहे. त्यांचा स्वतःचा कचरा जहाजांतून याच आशियात येत होता, हे त्या मथळ्यांत नव्हते.

२०२१ मध्ये चित्र पालटले. नव्या गणिताने नदीच्या लांबीपेक्षा शहर नदीपासून किती जवळ आणि नदीमुख शहरापासून किती जवळ, याला महत्त्व दिले. उतार, पाऊस, जमिनीचा वापर यांचाही विचार केला. तेव्हा दहा नद्या मागे पडल्या आणि ८० टक्के भार हजाराहून अधिक नद्यांत विभागला गेला. पहिल्या स्थानावर आली मनिलाची पासिग, जेमतेम पंचवीस किलोमीटर लांबीची. आणि तिच्या पाठोपाठच्या मोजक्या नावांत आपली उल्हास!

वसईकर वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी, कर्जत, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण यांचे पाणी घेऊन वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळणारी ही नदी वैनगंगेच्या तुलनेत ओढाच म्हणायची. पण तिच्या काठी लाखोंची वस्ती, आणि मुख हाकेच्या अंतरावर. किल्लाबंदर, पाचूबंदरच्या कोळी बांधवांना त्यासाठी शास्त्रज्ञांच्या गणिताची गरज नव्हती. डोलीत मासळीबरोबर, आणि कित्येकदा मासळीऐवजी, पिशव्या येतात हे ते केव्हापासून सांगत आहेत. भाईंदर-नायगाव दरम्यानच्या पुलावरून गाडी जाताना प्रवासी खाडीत पिशव्या भिरकावतात, त्यांचा मार पाणजू बेटावरील लोकांना बसतो, हेही त्यांनी पाहिले आहे. पिशवी भिरकावणारा हात क्षणात पुढच्या स्थानकात पोचतो.

त्याच २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये आणखी एक लेख आला, आणि पोंभुर्ण्याच्या दृष्टीने मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लिसा वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीची गणिते पुन्हा तपासली. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या सूक्ष्म प्लास्टिकाचे वजन पूर्वी शंभर ते हजार पट फुगवून सांगितले गेले होते, असे त्यांना आढळले. कणांची संख्या वजनात बदलताना चुका झाल्या होत्या. समुद्रावर तरंगणारे कण आणि नदीतून येणारे कण यांचा मेळ बसत नव्हता तो त्यामुळे. 'प्लास्टिक गेले कोठे' या थॉम्प्सन यांच्या प्रश्नाला आता आणखी एक उत्तर मिळू लागले: बरेचसे समुद्रापर्यंत गेलेच नाही. नदीवर काम करणारे इतर संशोधकही अलीकडे हेच सांगतात की नदी ही केवळ वाहिनी नसून कोठार आहे. धरणाच्या गाळात, काठच्या झुडपांत, पूर ओसरलेल्या शेतांत, तळाच्या वाळूत ते वर्षानुवर्षे राहते.

वर जे 'अडथळा न आल्यास' म्हटले, त्याचा अर्थ येथे उलगडतो. नागपूरची पुडी निघाली तर तिला आधी गोसीखुर्दचा जलाशय लागतो. पुढे प्राणहिता-गोदावरीच्या संगमाखाली २०१९ मध्ये सुरू झालेला मेडीगड्ड्याचा बंधारा, ज्याचे खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले. शेवटी सर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरमला उभारलेल्या बांधाची परंपरा चालवणारा बंधारा. या बांधाने गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील दुष्काळ हटवला, म्हणून तेथील शेतकरी आजही कॉटनसाहेबाला देवासारखे मानतात. पण बांध पाणी अडवतो तसा गाळही अडवतो, आणि गाळाबरोबर गाळात असेल ते. कालव्यातून तेच पाणी भातशेतीला जाते. तेव्हा समुद्राचा प्रश्न म्हणून ज्याकडे आपण दूरस्थपणे पाहत होतो, तो आधी काठाचा प्रश्न ठरतो: वैनगंगेच्या वाळूचा, ढिवराच्या जाळ्यातील माशाचा, भाताच्या बांधीचा.

याचा अर्थ समुद्र सुटला असा नव्हे. गंगेवर २०१९ मध्ये मुखापासून उगमाकडे जाणारी एक शोधमोहीम झाली, तिच्या निष्कर्षांनुसार गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना मिळून दिवसाला एक ते तीन अब्ज सूक्ष्म कण बंगालच्या उपसागरात सोडत असाव्यात. सापडलेल्या कणांपैकी ९१ टक्के धागे होते. ते कपड्यांचे. आणि समुद्र घेतलेले परत करतो. २०१८ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी भारतीय बाजारातील समुद्री मीठ तपासले, तेव्हा किलोमागे सरासरी ५६ ते १०३ कण आढळले. साध्या वाळूच्या गाळणीतून समुद्राचे पाणी आधी नेले तर त्यांपैकी बहुतेक अडतात, हेही त्यांनीच दाखवले. मीठ पोंभुर्ण्याच्या बाजारात येते, म्हणजे ज्या समुद्राशी आपला संबंध नाही असे आपण समजत होतो, तो ताटात डाव्या बाजूला वाढलेला असतो.

माणसाच्या शरीरात त्याचे काय होते, याविषयी घाबरवून सोडणारे पुष्कळ लिहिले जाते. जे निश्चित ते एवढे: २०२० च्या डिसेंबरात इटलीत मातेच्या वारेत, २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये तपासलेल्या २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात हे कण आढळले. मार्च २०२४ मध्ये इटलीतील वैद्यांनी मानेच्या रक्तवाहिनीतून काढलेल्या मेदाच्या थरात प्लास्टिक असलेल्या रुग्णांना पुढील तीन वर्षांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका साडेचार पट दिसला, असे नोंदवले. हा संबंध आहे. कारण सिद्ध झाले असे त्या वैद्यांनीही म्हटलेले नाही. आपणही म्हणू नये.

कायद्यांचा इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण तो बहुतांशी जाडीचा इतिहास आहे. १९९९ मध्ये केंद्राने २० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीला मनाई केली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तुंबलेल्या नाल्यांत पिशव्या सापडल्या, आणि महाराष्ट्राने ५० मायक्रॉनची मर्यादा आणली. २०१६ मध्ये केंद्रानेही तीच धरली. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्राने बंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून टाकण्याच्या काही वस्तूंवर बंदी आली. त्याच वर्षअखेर पिशवीची मर्यादा १२० मायक्रॉन झाली. जाड पिशवी पुन्हा वापरली जाते आणि भंगारवाला तिला घेतो, हा त्यामागचा तर्क बरोबर आहे. परंतु साडीतून सुटणाऱ्या धाग्याला आणि टायरच्या धुळीला मायक्रॉनची कोणती मर्यादा लावणार? जागतिक कराराची बोलणी २०२२ मध्ये नैरोबीतील ठरावाने सुरू झाली. डिसेंबर २०२४ मध्ये बुसानला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला ती सहमतीवाचून संपली. तेल विकणारे देश उत्पादनावर मर्यादा घालू देत नाहीत, हे त्याचे मुख्य कारण.

आमच्याकडे पळसाच्या पानांची पत्रावळ आणि बुरडाची टोपली होती, ती परत आणा, असा उपदेश सभांतून केला जातो. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि बांबू येथे मुबलक आहे. पण टोपली विणायला बुरडाला जो वेळ लागतो त्याचे मोल प्लास्टिकच्या घमेल्याच्या किमतीत बसत नाही; तो उपदेश करणाऱ्याने टोपली किती रुपयांना घेतली, हे एकदा विचारून पाहावे. पत्रावळी मात्र खरोखर परत आल्या आहेत. सणाच्या जेवणावळीत थर्मोकोलच्या ताटांऐवजी आता यंत्राने दाबलेली, गोल, नीटनेटकी पानांची ताटे दिसतात. त्यांतली पुष्कळशी उलटून पाहावीत. हिरव्या पानाखाली रस्सा झिरपू नये म्हणून चकचकीत पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. पान कुजून जाते, पापुद्रा उकिरड्यावर राहतो, आणि ज्येष्ठाच्या पहिल्या सरींबरोबर नाल्याकडे निघतो.